पफ-पफ, चिन-चिन आणि अकारा: पश्चिम आफ्रिकेचं तळण घरी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायजेरिया, घाना, टोगो, बेनिन आणि शेजारचा कॅमेरून इथलं तळण आपल्याकडे करून बघणाऱ्यांच्या शंका साधारण सारख्याच असतात. साहित्य बहुतेक घरात असतंच. अडतं ते पीठ किती सैल हवं आणि तेल किती तापलेलं हवं यापाशी, म्हणून या दोन गोष्टींवर खाली जास्त लिहिलं आहे.

पफ-पफ म्हणजे नेमकं काय?

यीस्टने फुगवलेल्या मैद्याच्या सैल पिठाचे तळलेले गोळे. बाहेरून तांबूस, आतून मऊ आणि जाळीदार, तोडताना किंचित ताणले जाणारे. गोडी बेताची, वास जायफळाचा. नायजेरियात ते रस्त्याकडेला मोठ्या कढईतून काढून कागदात गुंडाळून देतात, आणि लग्न-बारशाच्या ताटलीतही ते हवेतच. या ताटलीला तिथे 'स्मॉल चॉप्स' म्हणतात. तिच्यात पफ-पफच्या शेजारी स्प्रिंग रोल असतो आणि चक्क समोसाही असतो.

थोड्याफार फरकाने हाच पदार्थ घानात बोफ्रोट, टोगो-बेनिनमध्ये बोटोक्वाँ, आयव्हरी कोस्टमध्ये ग्बोफ्लोटो, लायबेरियात काला आणि कॅमेरूनमध्ये बेन्ये या नावांनी मिळतो.

म्हणजे आपले गुलगुलेच ना?

नाही. गुलगुल्यात कणीक आणि गूळ असतो, वास वेलची-बडीशेपेचा असतो आणि पीठ बहुधा सोड्यावर किंवा नुसतं भिजवून ठेवून करतात. पफ-पफमध्ये फुगवण्याचं सगळं काम यीस्ट करतं, त्यामुळे आतली जाळी आणि चव दोन्ही वेगळी येते. वेलची घातली, गूळ घातला की पदार्थ चांगला होईलही, पण तो पफ-पफ राहणार नाही. माझं आग्रहाचं सांगणं असं की पहिल्यांदा तरी जायफळाचंच करा. पुरणपोळी आणि श्रीखंडामुळे जायफळ आपल्या डब्यात असतंच. ते ऐन वेळी किसणीवर किसून घ्या, तयार पुडीला तो वास नसतो.

पफ-पफचं प्रमाण काय?

मैदा ३७५ ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम (साधारण दोन लहान चमचे), मीठ अर्धा चमचा, किसलेलं जायफळ अर्धा चमचा, कोमट पाणी ३२५ ते ३५० मिली. दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही. एवढ्यात लिंबाएवढे तीसेक गोळे होतात.

कोरडं सगळं आधी एकत्र करा, मग पाणी थोडं थोडं घालत हाताने फेटा. चार-पाच मिनिटं चांगलं फेटलं की पिठाला लवचीकपणा येतो. हात वर उचलला तर पीठ जाड पट्टीसारखं लोंबलं पाहिजे आणि सावकाश तुटलं पाहिजे. धार लागली तर ते फार पातळ झालं आहे, मूठ-दोन मूठ मैदा घाला. गोळा होऊन हातालाच चिकटून बसलं तर आणखी पाणी घाला. मैदा गिरणीगणिक वेगवेगळं पाणी पितो, म्हणून मापापेक्षा या खुणेवर विसंबा.

साखर आणखी वाढवू नका. जास्त साखरेने यीस्ट मंदावतं, आणि तळताना गोळे आतून शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतात. गोड हवं असेल तर तळल्यावर पिठीसाखर भुरभुरवा.

यीस्ट कोणतं घ्यायचं?

पाकिटावर 'इन्स्टंट' असेल तर सरळ मैद्यात मिसळा. 'ॲक्टिव्ह ड्राय' असेल तर आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून त्यात दहा मिनिटं भिजवा. वर फेस आला म्हणजे यीस्ट जिवंत आहे. फेस आला नाही तर ते टाकून द्या, त्याच्यावर मैदा वाया घालवू नका. पाणी बोटाला सुखद कोमट लागेल इतपतच हवं. चटका बसेल असं पाणी यीस्ट मारून टाकतं. उघडलेलं पाकीट घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा.

पीठ किती वेळ फुगवायचं?

घड्याळाकडे कमी आणि भांड्याकडे जास्त बघा. पीठ दुप्पट व्हायला हवं आणि वर बुडबुडे दिसायला हवेत. मुंबईच्या मे महिन्यात हे अर्ध्या-पाऊण तासात होतं, नाशिकच्या थंडीत दीड तासही लागतो. नायजेरियातल्या लागोस शहराची हवा बरीचशी मुंबईसारखी, दमट आणि उष्ण, त्यामुळे तिथल्या कृतींमध्ये दिलेला पाऊण तास आपल्या किनारपट्टीला बरोबर लागू पडतो.

जास्त फुगलेलं पीठ ओळखायचं कसं? झाकण काढल्यावर दारूसारखा उग्र वास येतो आणि पृष्ठभाग मध्ये खचलेला दिसतो. असं पीठ तळलं तर गोळे चपटे होतात आणि तेल पितात. थोडंच पुढे गेलं असेल तर दोन मोठे चमचे मैदा घालून, फेटून, वीस मिनिटं परत ठेवा. बहुतेक वेळा निभावतं.

रात्री भिजवून सकाळी तळायचं असेल तर यीस्ट निम्मं घ्या आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवा. चव उलट जास्त छान येते. तळायच्या आधी पाऊण तास बाहेर काढून ठेवायला विसरू नका.

हाताने गोळे सोडायचे कसे? माझ्या पिठाच्या नुसत्या लांबट शेंगा होतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि पदार्थाची खरी कारागिरीही इथेच आहे.

नायजेरियातल्या विक्रेत्या बायांचा हात बघावा. कढईशेजारी पाण्याची वाटी असते. बोटं पाण्यात बुडवून झटकायची, भांड्याच्या कडेने हात खाली घालून ओंजळभर पीठ उचलायचं आणि तळवा वर ठेवून मूठ सावकाश आवळायची. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या फटीतून पिठाचा गोल बुडबुडा वर येतो. तो लिंबाएवढा झाला की अंगठा मिटून तो तोडायचा आणि हात तेलाच्या अगदी जवळ नेऊन, मनगट उलटं करत खाली सोडायचा. गोळा तेलात बुडतो, क्षण-दोन क्षणांत वर येतो, आणि खालची बाजू तळून हलकी झाली की पुष्कळदा आपणहून उलटतो. तो उलटताना बघणं हा एक आनंदच आहे. तसा उलटायला खाली जागा हवी, म्हणून तेल निदान सात-आठ सेंटिमीटर खोल लागतं. पसरट कढईत उथळ तेल घेतलं तर गोळे तळाला टेकतात आणि वड्यासारखे चपटे होतात. लहान पण खोल कढई घ्या.

शेंगा किंवा शेपट्या होतात त्याची कारणं दोनच: पीठ फार सैल, किंवा हात तेलापासून फार उंच. उंचावरून सोडलेलं पीठ ताणतं आणि शेपटी राहते. शिवाय तेल उडतं ते वेगळंच.

हाताची सवय नसेल तर तेल लावलेले दोन चमचे किंवा आइस्क्रीमचा स्कूप वापरा. त्यात कमीपणा काही नाही, आकार जरा ओबडधोबड येतो इतकंच. हात ओला करत असाल तर पाणी नीट झटका. पाण्याचा थेंब गरम तेलात पडला तर चांगलाच फटका बसतो.

थर्मामीटर नाही. तेल तापलं हे कसं कळणार?

पफ-पफला १७५ अंशांच्या आसपास तेल लागतं. पिठाचा वाटाण्याएवढा थेंब सोडा. तो तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे. सोडल्याबरोबर वर येऊन लगेच लाल झाला तर फार तापलं आहे. बुडून दोन-तीन सेकंदांनी वर आला आणि भोवती शांत बुडबुडे राहिले तर सुरू करा. एका वेळी कढईत गर्दी करू नका, तेल एकदम निवतं. लिंबाएवढ्या गोळ्याला चार-पाच मिनिटं लागतात.

आतून कच्चे राहतात / फार तेलकट होतात. काय चुकतंय?

कच्चे राहत असतील तर आच मोठी आहे किंवा गोळे मोठे आहेत. तेलकट होत असतील तर आच मंद आहे, नाहीतर पीठ जास्त फुगून उतरलं आहे. पहिल्या घाण्याचा एकच गोळा काढून मधोमध फोडून बघा आणि त्यावरून आच ठरवा. झाऱ्याने निथळून जाळीवर काढा. कागदावर ढीग केला की खालचे वाफेने ओले होतात.

बोफ्रोट वेगळं कसं करायचं?

घानाचं बोफ्रोट आकाराने मोठं, जरा घट्ट आणि चावायला भरीव असतं. वरच्या मैद्याला २४० मिलीच्या आसपास पाणी किंवा दूध घ्या, हवं तर एक चमचा लोणी. पीठ चिकटच राहतं, पण लोंबत नाही. गोळा मोठा असल्याने आच थोडी कमी ठेवा आणि सहा-सात मिनिटं तळा.

यीस्ट मिळत नाही. बेकिंग पावडर चालेल का?

पफ-पफला नाही. पण नायजेरियातच बेकिंग पावडरवर केलेला दुसरा पदार्थ आहे, तो करा. त्याला तिथे 'बन्स' म्हणतात. आपल्याकडच्या उडुपी हॉटेलात मिळणाऱ्या, केळं घातलेल्या मंगलोर बन्सशी त्याचा संबंध नाही.

मैदा २५० ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चमचा, जायफळ, चिमूटभर मीठ, एक अंडं आणि लागेल तसं शंभरेक मिली दूध. पीठ घट्टसर आणि खरबरीत ठेवायचं, मळत बसायचं नाही. गोळे मध्यम आचेवर सावकाश तळले की वर भेगा पडतात आणि कड कुरकुरीत होते. थांबण्याची भानगड नाही, अर्ध्या तासात पदार्थ तयार.

मैद्याऐवजी कणीक?

निम्मी चालते. पूर्ण कणकेचे गोळे जड होतात आणि फुगत नाहीत. कणीक जास्त पाणी पिते, तेवढं वाढवा.

चिन-चिन आणि शंकरपाळ्यात फरक तरी काय?

नातं अगदी जवळचं आहे, हे मान्य. मैदा, साखर, स्निग्ध पदार्थ, दूध. लाटायचं, कापायचं, तळायचं आणि डब्यात भरून पाहुण्यांपुढे ठेवायचं. दिवाळीत आपल्याकडे शंकरपाळे, तसं नायजेरियात ख्रिसमसला, ईदला आणि लग्नाला चिन-चिन. लागोसच्या वाहतूक कोंडीत गाड्यांच्या रांगांमधून फिरणारी मुलं त्याच्या छोट्या पिशव्या विकतात. घानातही ते घरोघरी होतं.

फरक असा: चिन-चिनमध्ये बहुधा अंडं असतं, जायफळ असतंच, आणि शंकरपाळ्याला आपण पदर सुटावेत म्हणून जी खटपट करतो ती तिथे नसते. तुकडे लहान आणि जाडसर, जवळजवळ चौकोनी खड्यांसारखे, आणि दाताखाली कडक वाजणारे.

मैदा ५०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, एक अंडं, दूध साधारण १२० मिली, बेकिंग पावडर अर्धा चमचा, जायफळ अर्धा चमचा, चिमूटभर मीठ. लोणी मैद्यात मोहनासारखं चोळून घ्या. साखर दुधात पूर्ण विरघळवा. ती खडीसारखी राहिली तर तेलात जळते आणि तुकड्यांवर काळे ठिपके पडतात. पीठ घट्ट भिजवून पंधरा मिनिटं झाकून ठेवा, पाच मिलिमीटर जाड लाटा, सेंटिमीटरभराचे चौकोन कापा. १७० अंशांच्या आसपास, झारा सतत फिरवत तळा. हव्या त्या रंगाच्या एक छटा आधीच उपसा, कारण बाहेर काढल्यावरही रंग चढत राहतो.

अंडं नको असेल तर दूध ४० मिली वाढवा. लोण्याऐवजी तूप घ्यायचं असेल तर ८० ग्रॅम पुरे, कारण लोण्यात पाणी असतं आणि तुपात नसतं.

चिन-चिन तेलात फसफसतात, विरघळतात.

मोहन जास्त झालं आहे. शंकरपाळ्यांचं होतं तेच. उरलेल्या पिठात थोडा मैदा मळून घ्या. नुसता फेस येत असेल आणि तुकडे सुटत नसतील, तर लाटताना लावलेला कोरडा मैदा झटकायचा राहिला आहे. चाळणीत घालून हलवून घेतलं की झालं. आणि उलट दगडासारखे होत असतील तर लोणी कमी पडलंय किंवा पीठ पोळीच्या कणकेसारखं फार मळलं गेलंय.

अकारा कशाचा असतो?

चवळीचा. भिजवून, सालं काढून, वाटून, फेटून तळलेला वडा. यीस्ट नाही, मैदा नाही, सोडा नाही. माझ्या मते या सगळ्या तळणात हा सर्वांत थोर पदार्थ, आणि सर्वांत जुन्यांपैकी. गहू पश्चिम आफ्रिकेत फारसा पिकत नाही, तो मुख्यतः जहाजाने येतो. चवळीचं मात्र ते माहेरच आहे. नायजेरिया आजही जगात सर्वाधिक चवळी पिकवणारा देश आहे.

प्रमाण: चवळी २५० ग्रॅम, एक मध्यम कांदा, दोन-तीन मिरच्या, मीठ पाऊण चमचा. तिथे 'स्कॉच बॉनेट' जातीची गोलसर, फळासारख्या वासाची जहाल मिरची घालतात. ती नसेल तर आपली हिरवी मिरची घाला, तिखटाचं माप घरच्यांच्या सोसण्यावर.

चवळीची सालं काढायची कशी? जीव जातो.

अर्धा तास भिजवा. मग मिक्सरमध्ये भरपूर पाण्यासह एक-दोन झटके द्या, दळायचं नाही, दाणे फक्त फुटायला हवेत. मोठ्या पातेल्यात ओतून हाताने चोळा. सालं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून टाका. पाच-सहा पाण्यांत डाळ पांढरी दिसायला लागते. चार-दोन डोळे राहिले तर राहू देत. मग तासभर पुन्हा भिजवा. काही वाणसामानाच्या दुकानांत सालं काढलेली चवळीची डाळ मिळते. ती मिळाली तर हे सगळं वाचतं, फक्त दोन-तीन तास भिजवा.

अकारा बसका आणि घट्ट होतो. थोडा सोडा घालू का?

कृपा करून घालू नका. सोड्याने रंग पिवळट होतो, चव साबणासारखी लागते आणि मुख्य म्हणजे अकाऱ्याची जी हलकी, ओलसर जाळी असते ती येतच नाही. अकारा फुगतो तो फेटलेल्या हवेवर.

चवळीतल्या प्रथिनांत हवा धरून ठेवण्याची चांगली ताकद असते. ती वापरायची तर तीन गोष्टी सांभाळा. एक, वाटताना पाणी जेमतेम घाला, मिक्सर फिरण्यापुरतं. पीठ पातळ झालं तर हवा टिकत नाही. दोन, वाटण खोलगट भांड्यात घेऊन एकाच दिशेने पाच ते सात मिनिटं जोरात फेटा. तिकडे हे उखळात मुसळाने किंवा लाकडी डावाने करतात, घरी बीटर चालतो. रंग पांढरा होत जातो, पीठ हलकं होतं आणि भांड्यात वर चढतं. मेदूवड्याची परीक्षा इथेही लागू आहे: थेंब पाण्यात टाकला की तरंगला पाहिजे. तीन, बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि मीठ अगदी शेवटी, कढईशेजारी उभं राहूनच घाला. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि फेटलेलं सगळं खाली बसतं. मोठा घाणा असेल तर निम्म्याच पिठात मीठ-कांदा घाला, ते संपल्यावर उरलेल्या निम्म्यात.

मोठ्या चमच्याने हलकेच तेलात सरकवा. दोन्ही बाजूंनी खरपूस तांबूस रंग आला की काढा.

अकारा आणि ब्राझीलचा काय संबंध?

नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा आणि आसपासच्या लोकांना गुलाम करून अटलांटिकपार नेलं गेलं, तेव्हा अकारा त्यांच्याबरोबर गेला. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात तो 'आकाराझे' या नावाने आजही जिवंत आहे. साल्वादोर शहरात पांढऱ्या घेरदार पोशाखातल्या स्त्रिया तो लाल पामतेलात तळतात, मधोमध चिरतात आणि त्यात सुकी कोळंबी, 'वातापा' हे दाट सारण आणि भेंडीचं 'कारुरू' भरतात. आफ्रिकी मुळांच्या कांदोंब्ले धर्मात तो इयान्सां या वादळाच्या देवीचा नैवेद्य आहे. ही देवी म्हणजे योरुबांची ओया. या विक्रेत्या स्त्रियांच्या व्यवसायाला २००५ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय वारशाच्या नोंदीत स्थान मिळालं. सगळं हिरावून घेतलेल्या माणसांनी एक वडा, तो तळायचं तेल आणि तो वाहायची देवी हे तिन्ही जपलं. घरी चवळी फेटायला बसाल तेव्हा हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं खायचं कशाबरोबर?

नायजेरियात अकारा सकाळचा, आणि अनेक घरांत खास शनिवारचा. सोबत 'ओगी' म्हणजे आंबवलेल्या मक्याची किंवा ज्वारीची पातळ पेज, नाहीतर मऊ पाव. मक्याची खटपट नको असेल तर आपली ज्वारीची आंबील करा. आंबट, पातळ आंबील आणि तिखट अकारा हा मेळ फार सुंदर जमतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही, कारण ओगी ज्वारीचीही होते. घानात अकाऱ्याला कोसे म्हणतात आणि तो 'हौसा कोको'बरोबर खातात. ही आलं, लवंग आणि मिरी घातलेली बाजरीची आंबट पेज. बोफ्रोटही याच कोकोबरोबर खातात. चवळी, ज्वारी आणि बाजरी ही तिन्ही पिकं फार प्राचीन काळी आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली, त्यामुळे न्याहारीचं हे ताट आपल्याला परकं वाटत नाही.

कॅमेरूनमध्ये बेन्येबरोबर मसालेदार शिजवलेला घेवडा आणि पेज असते. गोड गोळा तिखट उसळीत बुडवून खाणं पहिल्या घासाला विचित्र वाटेल, दुसऱ्याला वाटणार नाही. घरी राजम्याची जरा आटवलेली उसळ करा.

तेल कोणतं?

शेंगदाण्याचं उत्तम. उत्तर नायजेरियाचा कानो भाग शेंगदाण्यासाठी प्रसिद्ध होता. विसाव्या शतकाच्या मध्यात तिथे निर्यातीच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असत. सूर्यफुलाचं तेलही चालतं. लाल पामतेल म्हणून आपल्याकडचं पामोलिन घेऊ नका. ते शुद्ध करून रंग-वास काढलेलं असतं. खरं पामतेल केशरी-लाल आणि उग्र वासाचं असतं, आणि घरच्या अकाऱ्याला ते लागतंच असं नाही.

एकाच तेलात सगळं करायचं तर आधी पफ-पफ, मग चिन-चिन, शेवटी अकारा. कांद्या-मिरचीचा वास गोड पदार्थांना लागता कामा नये.

एअर फ्रायरमध्ये होईल का?

पफ-पफ आणि अकारा नाही, कारण या पिठांना आकार धरायलाच गरम तेल लागतं. चिन-चिन ओव्हनमध्ये १८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटांत होतात. चव बिस्किटाकडे झुकते, पण वाईट नाही.

तेल कमी हवंच असेल तर उत्तर नायजेरियातल्या हौसा लोकांचा 'वाइना' करा. तांदूळ भिजवून, त्यात मूठभर शिजलेला भात घालून वाटायचा, थोडं यीस्ट आणि साखर घालून फुगवायचा आणि खळगे असलेल्या तव्यावर थेंब-थेंब तेलावर दोन्ही बाजूंनी भाजायचा. आपलं आप्पेपात्र त्याला तंतोतंत चालतं.

आम्ही शाकाहारी आहोत. कांदा-लसूणही खात नाही.

पफ-पफ मुळातच बिनअंड्याचा, बिनदुधाचा आहे. अकाऱ्यात कांदा असतो. तो वगळून आलं-मिरची घातली तरी चांगला लागतो. यीस्ट चालत नसेल तर अकारा आणि बिनअंड्याचे चिन-चिन हे दोन करता येतील. उपवासाला यातलं काही चालणार नाही.

काळी पडलेली केळी आहेत. त्यांचं काही?

साधी केळी फार पाणीदार असतात. घानातल्या काकलोसाठी आणि आयव्हरी कोस्टच्या क्लाक्लोसाठी भाजीच्या केळ्यासारखी जाड, पिष्टमय जात लागते. केरळी नेंद्रन केळी त्यासाठी योग्य. मुंबईत माटुंग्याला सहज मिळतात. साल पूर्ण काळी पडेपर्यंत थांबा. मग तीन केळी कुस्करून त्यात आलं, कांदा, मिरची, मीठ आणि अर्धी वाटी मक्याचं किंवा तांदळाचं पीठ घाला, अर्धा तास ठेवा, चमच्याने सोडून मध्यम आचेवर तळा. साखर घालायची गरज नाही. लवकर काळे होतात, कढईवरून नजर हटवू नका.

कुलीकुली घरी जमेल?

कुलीकुली म्हणजे शेंगदाण्याच्या पेंडीचं कुरकुरीत तळण. जमेल, पण अंगमेहनत आहे. भाजलेले शेंगदाणे लोण्यासारखे वाटायचे, मळून-पिळून शक्य तेवढं तेल काढायचं, उरलेल्या पेंडीत आलं, तिखट, मीठ घालून कडी किंवा काड्या वळायच्या आणि निघालेल्या त्याच तेलात तळायच्या. तेल नीट निघालं नाही तर कढईत भुगा होतो. घरच्या मिक्सरवर कमी प्रमाणातच करून बघा.

किती दिवस टिकतं?

पफ-पफ त्याच दिवशी संपवावेत. दुसऱ्या दिवशी चिवट होतात, ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाच मिनिटं दिली की बरेच सुधारतात. मायक्रोवेव्हमध्ये आधी मऊ आणि मग रबरासारखे होतात. फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. अकारा गरमच खावा. चिन-चिन पूर्ण गार करून घट्ट डब्यात भरले तर तीन-चार आठवडे कुरकुरीत राहतात. कोमट असताना झाकण लावलं की सादळले म्हणून समजा.

घरच्या कार्यक्रमाला पन्नास माणसं आहेत. कसं जमवायचं?

चिन-चिन आठवडाभर आधी करून ठेवा, दीड किलो मैद्याचे पुरतात. पफ-पफ माणशी चार धरा, म्हणजे वरच्या प्रमाणाच्या सातपट, अडीच किलोच्या जरा वर मैदा. पीठ एकाच वेळी भिजवू नका, पाऊण तासाच्या अंतराने दोन भांड्यांत भिजवा. नाहीतर पहिलं तळून होईपर्यंत उरलेलं उतरतं. चवळीची सालं आदल्या दिवशी काढून डाळ पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वाटा, फेटायचं काम पाहुणे आल्यावर. अकाऱ्याच्या कढईवर एक माणूस कायम उभा ठेवा आणि त्याच्याकडे दुसरं काही काम देऊ नका.